आंबागडला नेलेली अर्धी गोळी

माझ्या नावावर छापलेले लेख बरेच आहेत, पण लोक मला ओळखतात ते एकाच लेखामुळे. मज्जातंतूंच्या आजारांवर कुठेही परिषद असली की कोणीतरी नवखा डॉक्टर चहाच्या वेळी जवळ येतो आणि म्हणतो, "मॅडम, तुमचा तो लाखोळीचा पेपर!" मग त्यातलं एक ठरावीक वाक्य तो मला म्हणून दाखवतो. गेली कित्येक वर्षं मी ते वाक्य ऐकून नम्रपणे हसत आले. मागच्या जानेवारीत मी भंडारा जिल्ह्यात जाऊन आले ती त्या वाक्यापायी.

पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना लाखोळी ठाऊक नसेल. ही एक डाळ आहे. पूर्व विदर्भात धान कापणीला येण्याआधीच, उभ्या पिकात, ओल्या जमिनीवर हिचं बी फेकून देतात. नांगर नको, पाणी नको. धान निघालं की मागे ही हिरवी उभी राहते. चवीला चांगली असते. मात्र दुसरं काही न खाता महिनोन्महिने हीच खाल्ली, तर माणसाचे पाय ताठ होतात, आणि ते पुन्हा सैल होत नाहीत. बावीस वर्षांपूर्वी मी आणि माझे सर लाखनी तालुक्यातल्या एका गावी तंबू ठोकून असे रुग्ण तपासत होतो. बहुतेक जण काठी टेकत चालणारे म्हातारे होते. त्यांचे पाय जुन्या टंचाईच्या दिवसांत गेले होते. त्यांच्यात एकच लहान मुलगी होती, अकरा वर्षांची निर्मला. तिच्या घरात लाखोळी अगदी थोडी शिजायची. तरीही तिचे पाय गेले होते, म्हणून तिच्या एकटीच्या आधारावर आम्ही लिहिलं, की वाढत्या वयात पाय जायला थोडीशी लाखोळीही पुरते.

हेच ते वाक्य. ते परदेशातल्या पाठ्यपुस्तकांत गेलं, दुसऱ्यांच्या लेखांच्या पहिल्या परिच्छेदात जाऊन बसलं. त्याच्याच जोरावर मी प्राध्यापक झाले.

दिवाळीनंतर माझी एक विद्यार्थिनी त्या शिबिरातल्या जुन्या चित्रफिती संगणकावर चढवत होती. तिने मला बोलावलं आणि विचारलं, "मॅडम, ह्या दोघी जुळ्या बहिणी आहेत का?"

पहिल्या तुकड्यात सकाळच्या उन्हात एक मुलगी जरा चवड्यांवर, पण आपली आपण चालत कॅमेऱ्याकडे येत होती. दुसऱ्यात, संध्याकाळी, तीच मुलगी आईच्या कडेवर होती आणि तिचे पाय वेलीसारखे एकमेकांत गुंतले होते.

"एकच आहे," मी म्हणाले, आणि आपण काय बोललो ते मलाच ऐकू आलं.

लाखोळीने गेलेले पाय सकाळी बरे आणि संध्याकाळी वाईट असे होत नाहीत. तसं होणारा आजार वेगळा आहे. त्यात मेंदूत एक रसायन कमी पडतं, झोपेनंतर ते थोडं साठतं, दिवस चढेल तसं संपतं. कंपवाताच्या म्हाताऱ्यांना आम्ही जी गोळी देतो तिचा छोटासा डोस रोज घेतला की हे रुग्ण चालू लागतात. हे बावीस वर्षांपूर्वीही माहीत होतं. मी स्वतः ते वर्गात शिकवत होते. निर्मलाचा जुना कागद काढला, तर त्यावर माझ्या अक्षरात लिहिलेलं सापडलं: 'आईचं सांगणं विसंगत. त्यावर विसंबू नये.'

सर आता नाहीत. लेखावर तिसरं नाव ज्यांचं आहे त्यांना मी फोन केला. ते म्हणाले, "आता कशाला उकरतेस? मुलगी तरी असेल का?"

ते बघायलाच मी निघाले.

लाखनीच्या आत

नागपूरहून गाडी केली होती. लाखनीला महामार्गाच्या कडेला चहा घेतला. समोरून ट्रक जाताना कपातला चहा थरथरत होता, आणि टपरीवाला एकेका ट्रकनंतर बरण्यांवरची धूळ फडक्याने झटकत होता. तिथून आत वळलं की पाचेक मिनिटांत सगळा आवाज मागे राहतो. तलाव लागतो, मग तलावाखालच्या बांध्या, म्हणजे धानाची चौकोनी वावरं. धान निघून गेलं होतं आणि सगळीकडे लाखोळी फुलली होती. फुलं निळी, बोटाच्या पेराएवढी. जाणाऱ्याने थांबून बघत राहावं असं ते दृश्य होतं. मला बघवलं नाही.

गावाचं नाव इथे लिहीत नाही. त्या लेखात लिहिलं होतं तेवढं पुरे झालं.

तणसाने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने, भरलेली बैलगाडी रस्त्यात आडवी होती म्हणून गाडी सोडून धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालत गेले, आणि शहरी चपलांनी जे करायचं तेच केलं. घसरून मी घोट्यापर्यंत चिखलात गेले. अशा पायांनी निर्मलाच्या बापाच्या, डोमाजींच्या दारात उभी राहिले. ते ओट्यावर ऊन खात बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू पांढरा दिसत होता.

"कोन हाय?"

मी नाव सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी शाळेमागे तंबू होता, तिथली डॉक्टर, असं सांगितलं.

"डाक्तरीनबाई!" ते उठलेच. "सूनबाई, पानी आन वं, पायावर टाकाले!"

आमच्याकडे पुण्यात दारात आलेल्याला आधी काय काम आहे ते विचारतात. इथे आधी पाय धुवायला पाणी देतात, मग प्यायला, आणि कामाचं पाहुण्याने सांगेपर्यंत कोणी विचारत नाही. सुनेने तांब्या ओतला आणि माझ्या घोट्यांवरचा चिखल स्वतःच्या हाताने काढू लागली. मी "नको, नको" म्हणत होते. डोमाजी म्हणाले, "राहू द्या. तुम्ही आमच्यासाठी लय केलं."

जेवायला भात आणि पोपटाच्या शेंगांची भाजी होती. आपण वाल म्हणतो त्याला इथे पोपट म्हणतात. शेजारच्या चुलीवरून डाळीला फोडणी बसल्याचा वास येत होता.

"ते लाखोरी शिजवून राहिले," डोमाजी म्हणाले. "सारं गाव खाते. आमच्या घरात नाई येत. तुम्ही सांगतलं तवापासून दाना नाई आला."

"आणि निर्मलाची आई?"

"शकुन? ते मेली. नऊ वर्सं झाले." त्यांनी भात कालवता कालवता हात थांबवला. "तिनं माह्या पोरीचे पाय खाल्ले, बाई. तुम्हीच सांगतलं होतं ना? म्या मंग तिच्या हातचं जेवन सोडलं. मरेपर्यंत नाई खाल्लं. आपलं आपन रांधून खात होतो."

मला ती दुपार आठवत होती. छापील प्रश्नावलीत एक प्रश्न होता: घरात स्वयंपाक कोण करतं? शकुनबाई म्हणाली, "मीच." मी तिला म्हणाले, "मग हे तुमच्याच हातात होतं." पुढे लाखोळी बंद करावी म्हणून जरा धाक घालायचा, एवढंच मनात होतं. असं मी आजवर समजत होते. डोमाजी तिच्या मागे उभे होते. त्यांनी ते वाक्य घरी नेलं.

त्या ओट्यावर मला खरं सांगता आलं असतं. पण गोळी लागू पडते की नाही हे अजून ठरायचं होतं. खात्री नसताना कशाला बोला, असं मी मनाला सांगितलं. डॉक्टर स्वतः घाबरला की असली कारणं हाताशी असतात.

"निर्मला कुठं आहे?"

"आंबागडले. मामाच्या घरी. माय मेल्यावर तिले उचलाले कोन होतं? मामा घेऊन गेला. तवापासून नाई आली."

आंबागड

रात्र भंडाऱ्यात काढली आणि सकाळी तुमसरवरून आंबागडला पोहोचले. गाव किल्ल्याच्या डोंगराखाली आहे. वर जुनी तटबंदी, मध्ये झाडी, आणि खाली कौलारू घरांची ओळ. किल्ला बघायला येणाऱ्यांनी थंडीतच यावं, असं गाडीवाले दादा सांगत होते. मी वर चढले नाही, त्यामुळे त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही.

मामा जंगलखात्याच्या कामावर गेले होते. मामी, कौसल्याबाई, दारात होत्या. मी काय ते सांगेपर्यंत आतून एक बाई भिंतीला हात लावत, टाचा न टेकता, पण चालत बाहेर आली आणि अंगणातल्या चटईवर बसली. पुढ्यातलं सूप ओढून तिने बिड्या वळायला सुरुवात केली. बोटं इतकी वेगात चालत होती की पान कधी वळलं आणि धागा कधी बसला ते दिसत नव्हतं.

"तू निर्मला."

"हाव. अन् तुम्ही तंबूवाल्या डाक्तरीन." तिने लगेच ओळखलं. "तुमच्या पेटीवाल्या कॅमेऱ्यासमोर म्या दोनदा चालली होती. दुसऱ्यांदा चालताच नाई आलं."

मी तिच्यासमोर मातीतच बसले. विचारलं, "तू आत्ता चालत आलीस."

"सकारी बरी राहते मी. जेवन झालं का लाकूड. संध्याकारी मामी उचलून आत नेते."

"रोज?"

"रोजचंच. झोपली का सकारी पुन्हा थोडी बरी."

"हे तू कोणाला सांगितलं नाहीस?"

तिने बोटं न थांबवता माझ्याकडे पाहिलं. "कोनाले म्हंजे? मायनं तुमालेच सांगतलं होतं. दोनदा सांगतलं. सकारी चालते बाई, संध्याकारी नाई, असं काहून होते? तुम्ही लिहून घेतलं ना?"

लिहून घेतलं होतं.

मी तिला तपासलं. घोटे आखडलेले होते, पण वाटले होते तितके नव्हते. मग मी दोघींना सांगितलं की एक गोळी आणली आहे, अर्धी घ्यायची, कदाचित उपयोग होईल, कदाचित होणार नाही, आणि मळमळ झाली तर घाबरायचं नाही. मामी म्हणाल्या, "आता एवढ्या वर्सानं?"  निर्मलाने हात पुढे केला.

गोळी मोडताना मला लाज वाटत होती. तुमसरच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात ती मिळते.

पहिल्या दिवशी फारसं काही झालं नाही. दुपारी तिला मळमळलं, मामींनी लिंबू-मीठ दिलं. मी ओट्यावर बसून राहिले आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात मला एक गोष्ट हवीशी वाटत होती. गोळी लागू पडू नये. लागू पडली नसती तर मी चुकले नव्हते असं म्हणता आलं असतं, शकुनबाई विसंगत ठरली असती, लेख उभा राहिला असता. हे लिहायला कठीण जातं आहे, पण प्रवासात जे दिसलं ते लिहायचं तर हेही दिसलंच. संध्याकाळ झाली. मामी नेहमीप्रमाणे तिला उचलायला आल्या, तेव्हा निर्मला म्हणाली, "थांब वं जरा," आणि खांबाला धरून उभी राहिली. थोडा वेळ राहिली. मग बसली.

मी मामाच्याच घरी मुक्काम केला. त्यांनी मला घरातली एकुलती एक खाट दिली, स्वतः खाली झोपले. मला ती नाकारताही आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी अर्धी गोळी दिली. दुपारचं जेवण झालं. भात आणि तलावातल्या झिंग्यांचं कालवण. निर्मला जेवणानंतर रोज जिथे आडवी व्हायची तिथे आडवी झाली नाही. बिड्या वळत राहिली. चार वाजले, पाच वाजले. ऊन किल्ल्यामागे गेलं. मग तिने सूप बाजूला ठेवलं, उठली, दारामागची रिकामी गुंड, म्हणजे पाण्याची घागर, उचलली आणि अंगणाबाहेर चालू लागली.

हातपंप चाळीस पावलांवर होता. पाय जरा आत वळत होते, टाचा अर्ध्या टेकत होत्या, पण ती कशालाही न धरता चालत होती. पंपावरच्या बायका बाजूला झाल्या.  तिने गुंड भरली, कमरेवर घेतली, थोडं पाणी सांडलं, आणि आली तशी परत आली. कौसल्यामामी दारात उभ्या राहून पदराने तोंड दाबून रडत होत्या. निर्मलाने गुंड खाली ठेवताच त्या माझ्याकडे वळल्या आणि पायाशी वाकल्या.

तेव्हा मी सांगितलं. त्यांना धरून उभं केलं आणि सांगितलं, की ही लाखोळी नव्हती. कधीच नव्हती. त्या वेळी मी नीट ऐकलं असतं तर तिला ही गोळी अकराव्या वर्षी मिळाली असती. चूक माझी होती.

मामी गोंधळून निर्मलाकडे बघू लागल्या. निर्मला ओट्याच्या कडेला बसली होती.

"म्हंजे लाखोरी नोहती?"

"नव्हती."

"मायनं काई नाई केलं."

"काहीच नाही."

"थोडीशी बी नाई?"

"नाही, निर्मला."

ती स्वतःच्या पायांकडे बघू लागली. मग म्हणाली, "ते शेवटी तापानं निजून होती. तवा बी माहे पाय दाबत होती. म्हने, म्याच तुले खाऊ घातलं, मले माफ कर. म्या म्हनलं, जाऊ दे, केलं माफ." तिचा आवाज चढला. "म्या माफ केलं तिले! कायचं माफ केलं म्या?"

 मी जे बोलले ते आज आठवूनही कसंतरी होतं. मी म्हणाले, की मी पुण्याला जाऊन लिहीन, ज्या कागदात हे चुकीचं छापलं आहे त्यातच दुरुस्ती छापून आणीन, म्हणजे जगभरच्या डॉक्टरांना कळेल.

"मायले वाचता नोहतं येत, बाई," निर्मला म्हणाली. "तुम्ही लिहिलं ते तिनं नाई वाचलं. तुम्ही बोल्ल्या ते तिनं ऐकलं."

मामींनी चहा केला. तो कोणी प्यायला नाही.

तिसऱ्या दिवशी निघताना मी म्हटलं की जाताना लाखनीकडे वळते, डोमाजींना सगळं समजावून सांगते. निर्मला दाराला न टेकता दारात उभी होती. "तुम्ही नका जाऊ," ती म्हणाली. "बाबाले म्या सांगीन." मी आग्रह केला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही कबूल करते. गोळ्यांची सोय तुमसरच्या एका ओळखीच्या डॉक्टरांकडे लावून दिली आणि लाखनीकडे न वळता नागपूर गाठलं.

परत आल्यावर

नियतकालिकाला पत्र लिहिलं. संपादकांचं उत्तर सभ्य होतं. लेख फार जुना आहे, मागे घेण्याची पद्धत नाही, पण तुमचं पत्र छापू. छापलं. पत्रव्यवहाराच्या पानावर, बारीक टाइपात, दोन परिच्छेद. त्या पत्राचा उल्लेख केलेला एकही लेख अजून माझ्या पाहण्यात नाही. मूळ लेखाचा उल्लेख मात्र दर महिन्याला कुठे ना कुठे दिसतो. संगणकच मला ती आनंदवार्ता कळवतो. बाकीचे रुग्ण खरेच लाखोळीचे होते, त्यामुळे लेख पूर्ण खोटा नाही, असं सहकारी मला धीर देताना म्हणतात. पण लोकांना पाठ आहे ते वाक्य निर्मलाचं आहे. मध्यंतरी एका परिषदेत एका तरुण मुलाने ते पडद्यावर दाखवलं. मी उठून सांगितलं की हे चूक आहे, आणि हे मीच लिहिलं आहे. सभागृहात लोक हसले. त्यांना तो माझा विनय वाटला.

मार्चमध्ये निर्मलाचा फोन आला.

"चालून राहिली मी. संध्याकारी बी. आता एकटी बाजारात जाते."

"डोमाजींना भेटलीस?"

"हाव. काल गेल्ती. यष्टीनं गेली, स्टँडवरून चालत गेली. बाबा ओट्यावर बसून होते. म्या पुढं जाऊन उभी झाली, तं ओरखलंच नाई. म्हने, कोनाची पोरगी वं तू?"

"मग?"

"म्या म्हनलं, शकुनची."

 मागे कुठेतरी हातपंपाचा आवाज येत होता.

"मंग म्या सारं सांगतलं. लाखोरी नोहती, मायनं काई नाई केलं, डाक्तरीनबाई चुकली. सारं ऐकून घेतलं त्याइनं.  उठले, आत गेले अन् दार लावून घेतलं."

"मग तू काय केलंस?"

"लय वेर उभी होती. वयनीनं आवाज देल्ला, तरी दार नाई उघडलं," निर्मला म्हणाली. "मंग का करू? गेली तशी चालत स्टँडवर आली."